यंदाचं उत्पन्न

"काका, यंदा तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलंय. मुलीला कॉलेजच्या फीत सवलत नाही मिळणार," खिडकीतली बाई म्हणाली.

"अहो ताई, माझी नोकरी गेलीय. ते पैसे त्याचीच भरपाई आहेत."

"खात्यात आले ना? मग ते उत्पन्नच." तिनं कागद हळूच परत सरकवले. "पुढच्या वर्षी या. तोवर हे पैसे संपलेले असतील. नियमात नक्की बसाल."

कारखान्यात राबत होतो तोवर सवलत दरवर्षी मिळायची. मी तिचे आभार मानले आणि निघालो.

घरी बायकोला एवढंच सांगितलं, "पुढच्या वर्षी नक्की, म्हणाली." तिनं देवापुढे साखर ठेवली, मग चिमूटभर माझ्या हातावर दिली.

मुलीनं हात पुढे केला नाही. तिचं गणित पहिल्यापासून चांगलं.