आहे त्या स्थितीत

"मे म्हयन्यात पाणी कसां आसता, सर?" ॲश्लिनने विचारलं.

गुरुप्रसाद सरांनी कळशी विहिरीच्या कठड्यावर ठेवली. डिसेंबरची सकाळ होती, पाणी गारेगार आणि गोड होतं.

"बारमाय गोडां," ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. शिवरात्र उलटली की या विहिरीत खाडीचं पाणी उतरतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

ॲश्लिन ही त्यांची रेडीच्या शाळेतली विद्यार्थिनी. दहा वर्षं गोव्यात नोकरी करून आता परतली होती आणि तिला खाडीकाठची ही वाडी हवी होती. सरांनाही ती एकदाची विकायची होती. आधीची दोन गिऱ्हाइकं उन्हाळ्यात आली आणि चूळ थुंकून गेली. ॲश्लिनने ओंजळभर पाणी पिऊन मान खाली घातली, पुढे काही विचारलं नाही. पोरीचा केवढा हा विश्वास, असं मनात येऊन सरांना जास्तच लाजल्यासारखं झालं.

खरेदीखत वकिलाने वाचून दाखवलं. 'सदर मिळकत विहिरीसह, आहे त्या स्थितीत' असं त्यात होतं. सरांनी मुद्दाम अर्थ विचारला. वकील म्हणाला, घेणाऱ्याने सगळं पाहून-पारखून घेतलं असा त्याचा अर्थ; उद्या कौलं उडाली, विहीर बिघडली, तरी विकणाऱ्याच्या दारात यायचं नाही. सरांनी चटकन सही केली. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

मार्चपासून ॲश्लिन त्यांना टाळू लागली. मालवणच्या बाजारात समोरासमोर आली तर वळून दुसऱ्या गल्लीत शिरायची. तिला कळलंय, सर मनाशी म्हणायचे. दस्तातल्या तीन शब्दांनी त्यांना कोर्टातून वाचवलं असतं, तिच्या नजरेतून नाही. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस आपल्याच विद्यार्थिनीला फसवून बसला होता.

मे महिन्यात त्यांना राहवेना. ते सरळ वाडीवर गेले. विहिरीशेजारी सिमेंटच्या तीन मोठ्या टाक्या नव्याने बांधलेल्या दिसल्या. पोर टँकरचं पाणी साठवत असणार.

ॲश्लिन दारातच थबकली. तिने पुढे केलेल्या खुर्चीत सर बसले नाहीत.

"मी तुका फसवलंय गो. ही विहीर दर उन्हाळ्यात खारी होता. माका म्हायत होतां. खरेदीखत रद्द करूया, तुझे पैसे मी उद्याच परत देतंय."

ॲश्लिनचा चेहरा उतरला. ती हलकेच म्हणाली, "रद्द नको, सर. गेल्या वर्सा मे म्हयन्यात तुमी नसताना मियां ह्या विहिरीचां पाणी बाटलीत भरून तपासूक धाडलंय. तुमी मागे सरू नये म्हणान वकिलाक ते 'आहे त्या स्थितीत' शब्दही मियांच घालूक सांगलंय. खरां सांगलां असतां तर तुमी भाव वाढवलो असतो, म्हणान गप रवलंय, आणि आता तुमका तोंड दाखवूक लाज वाटता. त्या टाक्यांत कुर्ल्यांची पिल्लां आसत, सर, खेकडेपालन सुरू केलंय. त्यांका ह्याच खारां पाणी व्हयां."