चार नंबरची खोली

सहा खोल्या, सहा एसी, अठ्ठेचाळीस माणसं. तक्रारी अठ्ठेचाळीस. सगळे एसी एकदम लावले की बारा मिनिटांत जनरेटर बसायचा, म्हणून ते लावायचेच नाहीत असा हुकूम होता. पंखे होते. जून २०१३, आखातातलं बरका गाव, दुपारी एक वाजता खोल्यांचं सरासरी तापमान : एकोणचाळीस पूर्णांक चार.

एवढं लिहिलेला कागद प्रशांतने प्रतापसरांच्या टेबलावर ठेवला. प्रशांत फिजिक्सचा बीएस्सी, बांधकाम कंपनीच्या या कॅम्पवर सेफ्टी असिस्टंट. प्रतापसर एचआर मॅनेजर. उन्हाळ्यात साडेबारा ते साडेतीन उन्हातलं काम बंद, हा सरकारी नियम कंपनी काटेकोर पाळायची. त्या तीन तासांत माणसं खोलीत येऊन भाजून निघायची. परवा दोन नंबरच्या खोलीत दाभोळचे नूरुद्दीनचाचा चक्कर येऊन पडले होते. पुन्हा असं झालं तर हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आणि जनरेटर लहान आहे, सर. मूळ तिथेच आहे."

"मूळ-बीळ राहू दे. अठ्ठेचाळीस जणांचं एकच रडगाणं ना? मग पायलट केस करू."

प्रतापसर आदल्या आठवड्यात अल् खुवैरच्या एका हॉटेलात मानवाधिकारांच्या कार्यशाळेला जाऊन आले होते. तिथे कळलं होतं, की युरोपातल्या मानवाधिकार न्यायालयाकडे एकाच देशातून एकसारख्या शेकडो तक्रारी आल्या, की ते त्यातली एक निवडतं, तिचा निकाल देतं आणि बाकीच्या तोवर थांबवून ठेवतं. प्रतापसरांना ही पद्धत बेहद्द आवडली होती.

प्रशांतने कार्यशाळेचं टिपण उलटून पाहिलं. मागच्या पानावर लिहिलं होतं : निकाल देताना न्यायालय त्या देशाला मूळ दोष दुरुस्त करायला सांगतं. तो दुरुस्त झाला नाही, तर थांबवलेल्या तक्रारी पुन्हा चालवायला घेता येतात.

"सर, हे मागचं पान?"

"ते जेवणानंतरचं होतं. मी निघालो होतो."

तक्रार निवडली कासमची, कारण त्याचं अक्षर सुवाच्य होतं. त्याच्या चार नंबरच्या खोलीत दीड टनाचा नवा एसी लागला. एकट्या एसीने जनरेटर बसला नाही. फक्त बाकीच्या पाच खोल्यांतले पंखे मंदावले. चार नंबरमध्ये चोवीस अंश झाले. इतरत्र चाळीस.

ज्या परदेशी कंपनीचं बांधकाम चाललं होतं, तिने एक फॉर्म पाठवला. दुपारी एक वाजता पायलट खोलीत तीस अंशांच्या आत तापमान असेल, तर उरलेल्या सत्तेचाळीस तक्रारीही बंद. नसेल, तर सगळ्या उघड्या. आकड्याखाली सही प्रशांतची.

"कासम, तू नशीबवान बाबा," प्रतापसर म्हणाले. "तुझी तक्रार म्हणजे सगळ्यांची तक्रार. कर सही."

कासमने वाक्य नीट ऐकून घेतलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता प्रशांत थर्मामीटर घेऊन गेला. मागे प्रतापसर. चार नंबरचं दार अर्धंच उघडलं, कारण आत दाराला टेकून माणसं बसली होती. खाटांवर, खाटांखाली, खिडकीच्या कट्ट्यावर. एसीच्या बरोबर खाली नूरुद्दीनचाचांची खाट. चाचा घोरत होते.

"हा काय बाजार मांडलाय?" प्रतापसर ओरडले. "ही कासमची खोली आहे!"

"हळू साहेब, चाचा आत्ताच झोपलेत," कोपऱ्यातून कासम म्हणाला. "तुम्हीच बोललात ना, माझी तक्रार ती सगळ्यांची? मग माझी खोली पण सगळ्यांची."

कोणीतरी फिसकन हसलं. एसी घरघरत होता. नुसता बसलेला माणूस शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सोडतो, हे प्रशांतला बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्याने डोकी मोजली. मग थर्मामीटर खोलीच्या मधोमध धरला.

"सकाळचे चोवीस होते ना?" प्रतापसर त्याच्या कानाशी आले. "तेच लिही. तुझ्या पण कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे ऑगस्टमध्ये."

"सर, वेळेच्या रकान्यात दुपारचा एक छापलाय."

"प्रशांत!"

आकडा स्थिर व्हायला तीन मिनिटं लागली. तेवढ्यात चाचांनी कूस बदलली. प्रशांतने फॉर्म दाराच्या चौकटीवर टेकवला, खिशातलं पेन काढलं आणि भरला.

खोली : चार. माणसं : अठ्ठेचाळीस. तापमान : एकोणचाळीस पूर्णांक चार.