शेठजींचं पडणं

रिळात सहा हजार दोनशे चार चित्रं होती. एकशे अठरा नव्हती. काठावर छापलेले आकडे लावून संयोगितानं हे तीनदा तपासलं होतं. हा मूकपट तिला जयसिंगपूरच्या एका भंगारवाल्याकडे सापडला. दुसरी प्रत कुठंच मिळाली नाही. त्यात एक लठ्ठ शेठजी बकरीमागं धावतात, केळ्याच्या सालीवर पाय देतात आणि पुढच्याच चित्रात उसाच्या रसाच्या काहिलीत बसलेले दिसतात. मधलं पडणंच गायब! त्या पडण्यापायी तिची दोन वर्षं गेली होती.

"रिळाच्या डब्यावर तुमच्या अब्बांचं नाव आहे, चाचा," ती म्हणाली.

फक्रुद्दीनचाचांचे वडील गावोगाव तंबूत सिनेमा दाखवायचे. चाचांनी भिंतीकडं बोट केलं. खिळ्याला फिल्मचं एक कडं माळेसारखं लटकत होतं. दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवलेली.

"कोडोलीच्या जत्रंत पब्लिकनं 'वन्स मोअर' करून तंबू उपटायचा तेवढा ठेवलाता. मग अब्बांनी एवढाच तुकडा कापला, गोल जोडला. म्हणले, बघा आता दमूस्तोवर!"

संयोगिताच्या पिशवीत कात्री तयार होती. "मला द्याल? जागेवर बसवते."

"घे की, पोरी. पर तुझ्या रिळात गेला की ह्यो गडी एकदाच पडणार. आदी बघून घे."

"एकच फेरी हं, चाचा. फिल्म जुनी आहे, दर फेरीला झिजते."

ताजबीचाचींनी खिडकी लावली आणि दोन्ही हातांनी चादर ताणून धरली. चाचांनी अब्बांच्या जुन्या सिनेमायंत्राचं हँडल फिरवलं.

शेठजींचा पाय सटकला. पगडी उडाली आणि बरोबर बकरीच्या शिंगांवर बसली. हवेतून काहिलीकडं जाता जाता शेठजींनी त्या पगडीवाल्या बकरीला अदबीनं नमस्कार केला. धप्प!

चादर गदागदा हलायला लागली. आडून चाची खिदळत होत्या.

चाचांनी दिवा विझवला. "झाली एक फेरी. काढ तुझी कात्री."

संयोगिता पोट धरून जमिनीवर बसली होती.

"वन्स मोअर!" ती ओरडली.

"आगं, झिजतंय न्हवं?"

"झिजू दे! वन्स मोअर!"

त्या दुपारी शेठजी त्रेपन्न वेळा पडले. संयोगिताच्या रिळात अजून एकशे अठरा चित्रं कमी आहेत.