काकडीची चकती

फिशटँकमधल्या झाडांवर गोगलगायी माजल्या होत्या. हेमांगीने औषधाची बाटली उघडली, तोच टँक बोलला, "थांब गं बाई! मेल्या तर पाणी नासेल. संध्याकाळी काकडीची उकडलेली चकती टाक, सकाळी गोगलगायींसकट उचल."

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. 'थांब गं बाई' हे तिच्या बाबांचं बोलणं. टँक सांभाळणारं हे यंत्र सहा वर्षं त्यांच्याशी गप्पा मारत बोलायला शिकलं होतं. तिच्या वाट्याला मात्र फोनवरची दोन मिनिटं यायची. आता बाबांना जाऊन महिना झाला, तरी त्यांची बोली याच्याचकडे होती.

"मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "बाबा गोगलगायी कशाला काढतील? त्यांना तर त्या आवडायच्या."

"आवडायच्याच. पण तुला शिसारी येते ना! म्हणून दर शनिवारी चकती टाकायचे. रविवारी तू आलीस तर काच स्वच्छ दिसावी, म्हणायचे."

दिवाळीनंतर बाबा असेपर्यंत हेमांगी एकदाही आली नव्हती.

"शेवटची कधी टाकली?" तिने हळूच विचारलं.

"दवाखान्यात नेलं, त्याच शनिवारी. मला म्हणाले, उद्या येईल बहुतेक."