निंबावरच्या खाचा

जऊळक्याच्या तुळसाबाईच्या अंगणातल्या निंबावर दोन खाचा होत्या. वैजयंती आणि तिची मावसबहीण, तुळसाबाईची लेक सायली, पाच वर्षांच्या असताना, पोळ्याच्या दिवशी तुळसामावशीनं दोघींना खोडाशी उभं करून डोक्याच्या रेषेत विळ्यानं त्या मारल्या होत्या. दोन्ही अगदी एका उंचीवर. त्याच हिवाळ्यात सायली तापानं गेली.

वैजयंती आता रिसोडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. झाड उंच होतं ते शेंड्याच्या कोवळ्या पेशींमुळे; खाली खोड नुसतं जाड होत जातं, म्हणून त्यावरची खूण जिथल्या तिथे राहते, हे ती दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगते.

बऱ्याच वर्षांनी ती यंदा पोळ्याला आली. तिची खाच जिथल्या तिथे, कमरेपाशी होती.

सायलीची तिच्या डोक्याला लागत होती.

"पयले भराभर वाढली, मंग थांबली," मावशी कौतुकानं म्हणाली. "तुयाएवढीच झाली, पाह्य."

वैजयंतीनं सालीवरून हात फिरवला. साल कुठे फाटली नव्हती की ताणली नव्हती. शेंड्याचं काम खोडाच्या मधोमध इतकं सफाईनं झालेलं पाहून तिला भीतीच्या आधी नवलच वाटलं.

हात खाली आणताना तिचं बोट अडकलं. गुडघ्याच्या वर वीतभर, तिसरी खाच होती. डिंक अजून ओला होता.

"मावशी, हे खाच कोणाची वं? तू मारली?"

"नाही वं माय."

तुळसाबाई वाकली, खाचेवरून हात उतरवला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"माही नात उभी राहाले लागली वं!"