फक्त शब्द

“मावशी, ही फाइल घरी उघडली नाहीत ना?” निलोफरने विचारलं.

“नाय गो बाय.” बोटीवरून बेपत्ता झालेल्या मुलाचा शेवटचा आवाज हौसाबाई तांडेलांनी चार महिने न ऐकता जपला होता.

एका गाण्याच्या फाइलीने धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हापासून बाहेरची फाइल घरी उघडायला बंदी होती. मापापेक्षा जास्त भरलेली फाइल यंत्राच्या स्मृतीत शेजारच्या कप्प्यात सांडते आणि तिथे स्वतःचे हुकूम लिहिते. म्हणून निलोफरसारखे सरकारी वाचक ती वेगळ्या यंत्रावर एकदाच ऐकत, यंत्र भट्टीत टाकत आणि ऐकलेलं तोंडी सांगत. फक्त शब्द सांगायचे, असा नियम होता.

निलोफर ऐकून बाहेर आली. मागे भट्टी पेटली होती.

“‘आये, मासळी बरी मिळाली. शिमग्याला येतो.’”

“खोकला नाय? दोन शब्द बोलला की खोकायचा तो.”

निलोफरने साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं. मग “आये” म्हणून ती खोकली. दोनदा कोरडं, एकदा लांब, फाइलीत होतं अगदी तसं.

हौसाबाईंचा हात तिच्या पाठीवरून फिरू लागला.

“हळू रे, हळू.”