फाटकापुढचा स्पीडब्रेकर

जगातल्या सगळ्यात महागड्या आणि वेगवान गाड्यांपैकी एक, अख्ख्या गावादेखत, हंबीररावांच्या फाटकापुढच्या स्पीडब्रेकरवर अडकली होती. तिचं पोट खर्रकन घासलं तेव्हा ओरखडा हंबीररावांच्या काळजावरच उमटला.

"माझी गाडी डोळ्यांत खुपली काय रं तुझ्या?" सरपंच असलेल्या चुलतभावावर, धैर्यशीलवर, ते गरजले. "आणा ती पहार! आत्ता फोडा हा उंचवटा!"

"फोड की," धैर्यशील हसत म्हणाला. "पण माझ्या उरावर बसून तो घालून घेतला कुणी? आणि कशासाठी?"

हंबीररावांना आठवत होतं. पोरगी सायकलवरून शाळेतून येत होती आणि कारखान्यावर ऊस टाकून परतणारा रिकामा ट्रॅक्टर इथंच भरधाव आला होता. पण गाव बघत होतं, आणि भाऊबंद हसत होता.

"ते तवाचं तवा!" ते खेकसले. "फोडा म्हणतोय न्हवं!"

पहार घेतलेला गडी जागचा हलला नाही. तो फाटकाकडं बघत होता. तिथं राजसी, हंबीररावांची लेक, गाडी ओवाळायला मघापासून ताट घेऊन उभी होती. काखेत कुबडी होती.

ती हळूहळू टेकत पुढं आली. वाकून तिनं ताट स्पीडब्रेकरवरच ठेवलं आणि निरांजन फुंकून विझवलं.

"फोडा, मामा," बापाकडं न बघता ती गड्याला म्हणाली. "आबांच्या गाडीला लागलंय."